‘ब्रेक’ नेमका कोणता? सारख्या उच्चारांच्या इंग्रजी शब्दांविषयी प्रश्न

प्रश्न : उद्यमनगरकर

सविनय नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे ओतकामाचे लहानसे वर्कशॉप आहे आणि तेथील इंग्रजी पत्रव्यवहार गेली सहा वर्षे मीच पाहतो. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले तरी व्याकरण बरे असल्यामुळे आजवर काम अडले नव्हते. परंतु गेल्या महिन्यात परराज्यातील एका ग्राहकाला पाठविलेल्या कोटेशनमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच उतरतात, म्हणून स्पेलिंग सुटे करून लिहितो. गाडी थांबविणारा ब्रेक बी-आर-ए-के-ई असा आहे, आणि मी ‘ब्रेक ड्रम’ या मालाचे नाव चारही ठिकाणी बी-आर-ई-ए-के असे, म्हणजे ‘मोडणे’ या अर्थाच्या शब्दाने लिहिले होते. संगणकाने त्याखाली लाल रेघ ओढली नाही, कारण तोही शब्द कोशात आहेच. ग्राहकाने ऑर्डर दिली, मात्र फोनवर हसत विचारले, की ड्रम मोडूनच पाठविणार आहात, की आल्यावर आम्ही मोडायचे आहेत?

दुसरी गोष्ट माझ्या मुलीची. ती आठवीत आहे आणि तिच्याजवळ समान उच्चाराच्या शब्दांची एक छापील यादी आहे. आठवड्याचा वीक आणि अशक्त माणसाचा वीक, समुद्राचा सी आणि पाहण्याचा सी, असे सारे तिने तोंडपाठ केले. परंतु त्याच यादीत ‘पकडले’ या अर्थाचा ‘कॉट’ आणि न्यायालयाचे ‘कोर्ट’ ही जोडीही आहे. “बाबा, हे दोन सारखे कसे?” असे तिने विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही, कारण माझ्याही कानाला ते सारखे लागत नाहीत. गंमत अशी, की परीक्षेत तिने ‘नंतर’ या अर्थाच्या लेटरच्या जागी पत्राचे लेटर लिहिले, आणि ही जोडी त्या यादीत कुठेच नाही. अशा शब्दांना काही नियम आहे का, की प्रत्येक जोडी घोकण्यावाचून गत्यंतर नाही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

आपल्या प्रश्नापेक्षा आपल्या मुलीचा प्रश्न अधिक खोल आहे, म्हणून आधी तिला उत्तर देते.

तिच्याजवळची यादी ज्या इंग्रजीसाठी तयार झाली, ती दक्षिण इंग्लंडमधील प्रमाण इंग्रजी होय. तेथे ‘र’च्या पुढे स्वर नसेल तर तो ‘र’ उच्चारतच नाहीत. त्यामुळे पकडण्याचा कॉट आणि न्यायालयाचे कोर्ट त्यांच्या तोंडी एक होतात. तसेच सॉस आणि सोर्स, आणि तसेच वडिलांचा फादर व ‘अधिक दूर’ या अर्थाचा फार्दर. कोल्हापूरचा माणूस ‘र’ गिळत नाही, किंबहुना एकाच्या जागी दोन उच्चारतो, त्यामुळे या शब्दांत आपल्या मुलांचा गोंधळ होण्याचे कारणच नाही. त्या जोड्या त्यांच्याकडून पाठ करून घेणे म्हणजे ज्या गावाला जायचे नाही, त्या गावची वाट विचारण्यासारखे आहे.

याउलट, पत्राचे लेटर आणि नंतरचे लेटर हे इंग्रज माणसाच्या कानाला मुळीच सारखे लागत नाहीत, म्हणून त्याच्या यादीत ते येत नाहीत. ते सारखे होतात ते आपल्या तोंडात. इंग्रजीत येथे दोन निराळे स्वर आहेत. पत्राच्या लेटरमधील ‘ए’ आखूड आणि तुटक आहे. नंतरच्या लेटरमधील ‘ए’ लांब असून शेवटी किंचित ‘इ’कडे सरकतो, जणू ‘लेइटर’ असे घाईने म्हटले आहे. मराठीत मात्र ‘ए’ एकच. इ-ई आणि उ-ऊ यांना आपण निदान कागदावर ऱ्हस्व-दीर्घ ठेवले, ‘ए’ला तेही नाही. इंग्रजी शब्दांसाठी आपण ‘ॲ’ आणि ‘ऑ’ घेतले, २००९ च्या शासननिर्णयाने त्यांना वर्णमालेत जागाही मिळाली, त्यामुळे बॅट आणि बेट किंवा कॉट आणि कोट यांत आपली पंचाईत होत नाही. या दुसऱ्या ‘ए’साठी मात्र चिन्हच नाही, आणि ज्याला चिन्ह नाही तो भेद आपल्या कानालाही हळूहळू ऐकू येईनासा होतो.

याचा परिणाम किती दूरवर जातो ते पाहावे. वर्तमानपत्राचा पेपर आणि मिऱ्याची ‘ब्लॅक पेपर’, लिहिण्याचे पेन आणि दुखण्याची पेन, चवीची टेस्ट आणि परीक्षेची टेस्ट, तारखेची डेट आणि कर्जरोख्यांच्या ‘डेट फंडा’तील डेट, या सगळ्या जोड्या इंग्रजीत भिन्न उच्चारांच्या आहेत. काही ठिकाणी तर तिहेरी गुंता होतो. वाट पाहण्याचे वेट आणि वजनाचे वेट हे इंग्रजीतही खरोखर एकाच उच्चाराचे आहेत, परंतु आपल्या स्वयंपाकघरातील ‘वेट ग्राइंडर’मधील ओला वेट त्यांच्यात केवळ आपण आणून बसविला आहे. घड्याळाचा सेल आणि विकण्याचे सेल हे एकोच्चारी. दुकानाच्या दारावर पाटी लागते तो सेल मात्र वेगळा, लांब ‘ए’चा.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की मराठी मुलांसाठी यादी मराठी कानानेच तयार झाली पाहिजे. चौतीस वर्षे शिकविताना मी इंग्रजी पुस्तकांतील याद्या फळ्यावर उतरवीत राहिले आणि मुले त्यांत नसलेल्या शब्दांतच चुकत राहिली. ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली, हे येथे कबूल करते.

आता नियम. ज्या शब्दांची गल्लत आपला ‘ए’ करतो, त्यांना बऱ्यापैकी नियम आहे. आखूड ‘ए’ बहुधा ‘ई’ या एकट्या अक्षराने लिहितात: पी-ई-एन, टी-ई-एस-टी, डब्ल्यू-ई-टी. लांब ‘ए’साठी ‘ए’ हे अक्षर लागते, आणि त्याच्या सोबतीला ‘आय’, ‘वाय’ किंवा शब्दाच्या शेवटी मुका ‘ई’ असतो: पी-ए-आय-एन, टी-ए-एस-टी-ई, एस-ए-एल-ई. मधल्या व्यंजनाकडेही पाहावे. ते दोनदा आले असेल तर आधीचा स्वर आखूड, एकदाच असेल तर बहुधा लांब. पत्राच्या लेटरमध्ये दोन ‘टी’, नंतरच्या लेटरमध्ये एक. मिऱ्याच्या पेपरमध्ये मध्ये दोन ‘पी’, वर्तमानपत्राच्या पेपरमध्ये एक. मुलीला हे एवढे सांगून पाहावे. ‘सेड’, ‘एनी’, ‘मेनी’ असे काही शब्द नियमाबाहेर आहेत, परंतु ते रोज वापरले जात असल्याने आपोआप अंगवळणी पडतात.

आपला ब्रेक मात्र या नियमात बसत नाही. तो इंग्रजीतही खरा एकोच्चारी आहे, आणि ई-ए या जोडीचा असा लांब ‘ए’ होणारे नित्याचे शब्द तीनच: ब्रेक, ग्रेट आणि स्टेक. त्याच्यासाठी खूण करावी ती न्याहारीची. ब्रेकफास्ट म्हणजे उपास मोडणे. त्या शब्दात जे स्पेलिंग आहे तेच मोडण्याचे. उरलेले गाडीचे.

उत्तर : मायमराठी

बाईंचे विवेचन आवडले. तरीही म्हणावेसे वाटते, की हा सारा दोष इंग्रजीचा आहे. आपली मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते. तिच्यात असा घोळ मुळातच संभवत नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

‘दिन’ आणि ‘दीन’ मोठ्याने म्हणून पाहावे. एक दिवस, दुसरा गरीब. आपल्या तोंडी दोन्हींचा उच्चार एकच, दीर्घ. तीच गत ‘सुत’ आणि ‘सूत’ यांची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘दिन’, ‘गुण’, ‘विष’ असे शब्द आपण मुळाप्रमाणे ऱ्हस्व लिहितो, उच्चाराप्रमाणे नव्हे. उलट प्रकारही आहे. ‘जरा थांबा’ आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ यांत लेखन एक आणि ‘ज’ मात्र दोन.

इंग्रजीने हेच मोठ्या प्रमाणावर केले. इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने छापखाना सुरू केला तो १४७६ साली. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, आणि नेमक्या त्याच दोन-तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापली जागा सोडून सरकत होते. मांसाचे मीट (एम-ई-ए-टी) आणि भेटण्याचे मीट (एम-ई-ई-टी) यांचे स्वर पूर्वी वेगळे होते. आज उच्चार एक झाला, स्पेलिंग मात्र जुन्या शिलालेखासारखे तसेच राहिले. सरदाराच्या नाइटमधील ‘के’ आणि ‘जी-एच’ हेदेखील एके काळी प्रत्यक्ष उच्चारले जात. कर्जाच्या ‘डेट’मधील ‘बी’ची गोष्ट उलटी आहे: तो इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही, लॅटिन मूळ दिसावे या हौसेने विद्वानांनी तो मागाहून घातला. आपल्याकडेही संस्कृतची अशीच हौस असणारी मंडळी काही कमी नाहीत.

उत्तर : निपाणीकर

माझे आजोळ निपाणीचे आणि नोकरी कोल्हापुरात, त्यामुळे घरात मराठी व शेजारी कन्नड असे लहानपणापासून चालत आले आहे. बाईंनी ज्या ‘ए’विषयी लिहिले, तो कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असा दोन प्रकारचा आहे, आणि दोहोंना स्वतंत्र अक्षरे आहेत. विड्याच्या पानाला किंवा झाडाच्या पानाला कन्नडमध्ये ‘एले’ म्हणतात, त्यातला पहिला ‘ए’ ऱ्हस्व. सात या अर्थाच्या ‘एळु’मधील दीर्घ. बाजारात पान मागताना लांब ‘ए’ लावला तर पानवाला लगेच ओळखतो, की गिऱ्हाईक घाटावरचे आहे.

माझ्या मामेभावांना इंग्रजी ‘गेट’ (मिळणे) आणि फाटकाचे ‘गेट’ यांत कधीच अडचण आली नाही, आणि मला मात्र कॉलेजात गेल्यावरही येत होती, याचे कारण आज प्रथमच उलगडले. इतकी वर्षे ते माझ्यापेक्षा हुशार आहेत असे समजत होतो. उद्यमनगरकरांच्या वर्कशॉपमध्ये बेळगाव किंवा चिकोडीकडील एखादा कामगार असेलच. मुलीला त्याच्याकडून ‘एले’ आणि ‘एळु’ चार वेळा म्हणून घ्यायला सांगावे. इंग्रजीचा लांब ‘ए’ कन्नडच्या दीर्घ ‘ए’सारखा तंतोतंत नाही, त्याला ‘इ’ची शेपटी आहे, तरी आखूड आणि लांब यांतला फरक कानाला कळू लागला, की निम्मे काम झाले.

उत्तर : छापखानेवाला, शाहूपुरी

मी शिक्षक नाही. पत्रिका, लेटरहेड, बिलबुके छापणारा माणूस आहे, आणि या शब्दांनी माझे जितके नुकसान केले तितके कागदाच्या भावानेही केले नसेल.

सर्वांत महाग पडली ती एक लग्नपत्रिका. उपस्थितीचा प्रेझेन्स सी-ई शेवटी घेऊन येतो, आणि भेटवस्तूंचे प्रेझेंट्स टी-एस घेऊन. आमच्या डीटीपी करणाऱ्या मुलाने दुसरा शब्द बसविला. त्यामुळे वरच्या ओळीत ‘आपले आहेर प्रार्थनीय आहेत’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य, आणि खाली मराठीत ‘कृपया आहेर आणू नयेत’! पाचशे पत्रिका पुन्हा छापून दिल्या. मुलीचे वडील भले होते म्हणून तेवढ्यावर निभावले.

तेव्हापासून संगणकाशेजारी भिंतीवर मी माझ्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. शाळेच्या मुख्याध्यापकांचा प्रिन्सिपल पी-ए-एल ने संपतो. हे अक्षर मराठी डोळ्यांनी वाचले तर ‘पाल’ होते, म्हणून आमच्याकडे असे म्हणायची पद्धत आहे, की मुख्याध्यापकांच्या खोलीत पाल असते आणि तत्त्वात नसते. (तत्त्वाचा प्रिन्सिपल पी-एल-ई ने संपतो.) मुद्दलाच्या रकमेलाही पालवालाच शब्द लागतो, हे पतसंस्थांची कामे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. हॉटेलांच्या कार्डांवर ‘फुकट नाश्ता’ या अर्थी जो कॉम्प्लिमेंटरी छापायचा, त्यात मध्ये ‘आय’ असतो. ‘ई’ घातला तर तो ‘पूरक’ होतो. ‘ई’वाला कॉम्प्लीट या शब्दाचा भाऊ, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

आता आमच्या स्वतःच्या धंद्याचा शब्द. वह्या-कागदांची स्टेशनरी ई-आर-वाय ने संपते आणि ‘एका जागी स्थिर’ या अर्थाचा शब्द ए-आर-वाय ने. पाकिटाला इंग्रजीत जो एन्व्हलप म्हणतात त्याचे पहिले अक्षर ‘ई’, म्हणून कागदवाली स्टेशनरी ‘ई’ची, अशी माझी खूण. पण एकदा कोशात पाहिले तर हे दोन्ही शब्द एकाच घरातले निघाले. मध्ययुगात बहुतेक विक्रेते आपल्याकडील यात्रेतल्या दुकानदारांसारखे गावोगाव फिरत. पुस्तके आणि कागद विकणारा मात्र एका ठिकाणी दुकान थाटून बसे, म्हणून तो ‘स्टेशनर’, म्हणजे ठिय्या मारून बसलेला. लंडनमधील या लोकांच्या संघाला १५५७ मध्ये राजाज्ञेने सनद मिळाली. हे वाचल्यापासून कुणी आपल्या दुकानाच्या पाटीवर ‘ए’ची स्टेशनरी लिहून आणली, तर पहिल्यासारखा राग येत नाही. दुरुस्त मात्र करतोच.

स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्रावर या बाबतीत भिस्त ठेवू नये. हल्लीची काही यंत्रे वाक्य पाहून सुचवतात, परंतु कोटेशन, पाटी, दरपत्रक यांत वाक्यच नसते, नुसते शब्द असतात. तेथे त्यांनाही अर्थाचा माग लागत नाही. त्यासाठी दुसऱ्या माणसाने मोठ्याने न वाचता, अक्षर अक्षर बोटाने दाखवीत वाचावे. मोठ्याने वाचले तर चूक कानाला कळणारच नाही, कारण मुळात ती कानाचीच चूक आहे.

उत्तर : कोल्हापुरी चपला

छापखानेवाल्या दादांची पत्रिका वाचून माझा संकोच गेला. आमच्या घरी तीन पिढ्या चपला करतात. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मी इंटरनेटवरून बाहेरदेशी विक्री सुरू केली आणि माहितीत अभिमानाने लिहिले, की आमच्या चपलेचा सोल शुद्ध चामड्याचा आहे. सोल लिहिला तो एस-ओ-यू-एल. जर्मनीच्या एका बाईंनी फार आदबीने कळविले, की चामड्याचा आत्मा असलेली पादत्राणे आपण प्रथमच पाहत आहोत. चपलेच्या तळाचा सोल एस-ओ-एल-ई आहे, हे मग कळले. तो शब्द ‘सोलेआ’ या लॅटिन शब्दावरून आला, आणि सोलेआ म्हणजे रोमन लोकांची तळ आणि पट्ट्यांची सपाट चप्पल. म्हणजे नीट लिहिला असता तर तो शब्द आमच्याच मालाचा होता.

टाचेच्या हीलचेही असेच झाले होते. आता दोन पायांना दोन टाचा, म्हणून मध्ये दोन ‘ई’, असे लक्षात ठेवते. जखम भरून येण्याचा हील ई-ए ने लिहितात, कारण तो आरोग्याच्या ‘हेल्थ’चा सख्खा.

उत्तर : उद्यमनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने बाईंचा दोन व्यंजनांचा नियम ऐकून लगेच वही काढली, आणि रात्री जेवताना घरातल्या प्रत्येक वस्तूच्या ‘ए’ची चौकशी झाली. आमच्याकडे अथणीचा एक मोल्डर आहे. ‘एले’ आणि ‘एळु’ त्याने आनंदाने म्हणून दाखविले, माझे मात्र अजून जमत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. परवान्याचे लायसन्स कधी सी-ई तर कधी एस-ई ने दिसते, त्यातले खरे कोणते? आणि आमच्या साच्याच्या ‘डाय’चे अनेकवचन काय लिहावे? रंगाच्या डायशी गल्लत होऊ नये म्हणून मी डी-आय-ई लिहितो, तेवढे ठाऊक आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

ब्रिटिश पद्धतीत परवाना हे नाम सी-ई ने आणि परवाना देणे हे क्रियापद एस-ई ने लिहितात. ‘ॲडव्हाइस’ (सल्ला) आणि ‘ॲडव्हाइझ’ (सल्ला देणे) यांत हा फरक कानालाही ऐकू येतो, त्या जोडीवरून बाकीच्या ताडून पाहाव्यात. अमेरिकेत मात्र परवान्याला दोन्हीकडे एस-ई चालते, आणि ‘प्रॅक्टिस’ला नेमके उलट, दोन्हीकडे सी-ई. ग्राहक ज्या देशाचा असेल त्याप्रमाणे लिहावे, परंतु एका पत्रात दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

साच्याच्या डायचे अनेकवचन डी-आय-ई-एस. ‘डाइस’ असे डी-आय-सी-ई ने लिहू नये. मूळ शब्द एकच आहे, परंतु ते अनेकवचन खेळातल्या फाशांसाठी राखलेले आहे, आणि आपल्या ग्राहकाचा स्वभाव पाहता, या खेपेस सारीपाटही सोबत पाठविणार आहात का, असे तो विचारल्यावाचून राहणार नाही.